कावी ते नारगोल: भरतीच्या रेघेवर चार दिवस

कोजागरीच्या सकाळी बडोद्याहून निघालो आणि वद्य तृतीयेच्या रात्री परतलो. चौघे जण, तीन कॅमेरे, एक ट्रायपॉड, दोन गोणपाटं आणि एक पांढरी चादर. विषय एकच: माणसांनी फेकलेल्या आणि पाण्यानं पुन्हा काठावर आणून टाकलेल्या वस्तूंचे फोटो.

तारखा सुट्ट्या बघून ठरत नाहीत, पंचांग बघून ठरतात. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. पाणी सर्वांत वर चढतं, सर्वांत खाली उतरतं आणि वर वाहून आलेल्या वस्तूंची एक ताजी रेघ सोडून जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी ना धड वर येतं ना धड खाली जातं आणि जुन्याच वस्तू पुन्हा पुन्हा बघाव्या लागतात. आश्विन निवडायचं कारण वेगळं. चार महिने नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं काठाला लोटलेला माल अजून तिथंच असतो, पाऊस मात्र गेलेला असतो. थंडीत वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागला की नवा माल कमी येतो.

पहिला दिवस: कावी-कंबोई

पादरा, जंबुसर, कावी असा रस्ता, पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक गाड्या स्तंभेश्वर महादेवासाठी येतात, कारण इथलं शिवलिंग दिवसातून दोनदा भरतीत बुडतं. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं वर निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी पसरायला जागा नसते आणि ते उंच चढतं. पलीकडच्या काठावर भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. एवढं पाणी उतरलं की मागे वाळू दिसत नाही. दिसतो तो चिखल, क्षितिजापर्यंत.

पहिला धडा चिखलाचाच. गमबूट घालू नयेत. चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय रिकामा वर येतो. जुने कॅनव्हासचे, लेस घट्ट बांधलेले बूट चालतात. हातात काठी हवी आणि काठी वीतभराहून जास्त रुतली की मागे फिरायचं. पाणी समोरून येईल या भरवशावर राहू नये. ते बाजूच्या ओहळांतून आधी पाठीमागे येतं आणि मग समोरून दिसतं. वळायची वेळ घड्याळात आधीच लावून ठेवावी. ओहोटीचा तळ गाठला की काठाकडे निघायचं, "आणखी एकच फोटो" हा प्रकार इथं चालत नाही.

वस्तूंच्या बाबतीत कावीचा काठ म्हणजे नदीचा काठ. मही इथूनच जवळ मिळते, आणि दक्षिणेला ढाढर. आपली विश्वामित्री पावागढावरून निघते, बडोद्यातून मगरींसकट वाट काढत ढाढरला मिळते आणि ढाढर आखातात. पूर येऊन गेला की शहरातलं काय काय वाहून गेलं त्याची यादी इथं चिखलावर पसरलेली असते. दुधाच्या पिशव्या, त्यांचे कापलेले तिकोनी कोपरे, शॅम्पूच्या पुड्या, बांबूच्या काठ्या, विसर्जनाचे पाट, फोटोच्या फ्रेमा.

आणि गरबो. नवरात्र संपून पाच-सहाच दिवस झाले होते. भोकं पाडलेला, रंगवलेला तो मातीचा घट कुणी देवळात ठेवतं, कुणी नदीत सोडतं. एक अख्खा मिळाला. रंग उडाला होता, पण काठावर चिकटवलेल्या आरशाच्या चार टिकल्या शाबूत होत्या. आत निम्म्यापर्यंत गाळ, आणि जिथून दिव्याचा उजेड पडायचा त्या भोकांपैकी एकातून बारकासा खेकडा एक नांगी बाहेर काढून बसलेला. इथं घाई केली की फोटो जातो. सावली अंगावर पडली की खेकडा आत जातो आणि पाच-सात मिनिटं येत नाही. सूर्याच्या विरुद्ध बाजूला गोणपाटावर पालथं पडून, १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, एफ ८, आयएसओ ४००, शटर १/२५०. एफ ८ च्या खाली गेलं तर आरसा स्पष्ट येतो आणि खेकडा धूसर.

त्याच रेघेवर दशामाची एक मूर्ती उताणी पडलेली होती, चेहरा विरघळलेला. कॅमेरा वर झाला तशी देवळाबाहेर फुलं विकणारी बाई खाली आली. "माताजीनो फोटो आम न पडाय, भाई." तिनं मूर्ती उचलली, पदरानं पुसली आणि झाडाखाली उभी करून ठेवली. मग म्हणाली, "हवे पाडो," म्हणजे आता काढा. वस्तू जशी सापडली तशीच टिपायची हा या कामातला पहिला नियम. तो इथं मोडला आणि मोडायलाच हवा होता. देवाधर्माच्या वस्तूंचे फोटो काढण्याआधी आसपासच्या माणसाला विचारावं, आणि चेहरा भंगलेला असेल तर तो फोटो कुठंही टाकू नये.

दुपार कलल्यावर पाणी चढलं, बघता बघता लिंग दिसेनासं झालं आणि सकाळी पालथं पडून फोटो काढले ती जागाही. परतीच्या वाटेवर कावीतली सासू-सुनेची जैन देरासरं बघितली. रात्री बडोद्यात गच्चीवर आटीव दूध, शेजारच्या गुजराती घरातून दूध-पौवा.

मधेच, सामानाबद्दल

लेन्स दोनच पुरतात: एक ३५ मिमीच्या आसपासची, वस्तू आणि किनारा दोन्ही दाखवायला, आणि एक मॅक्रो. किनाऱ्यावर लेन्स बदलू नये. दोन कॅमेरे नसतील तर एका दिवशी एकच लेन्स. फोनवरही काम उत्तम होतं, फक्त तो वाळूवर आडवा ठेवू नये, स्पीकरच्या जाळीत वाळू गेली की निघत नाही.

पोलरायझर फिल्टर हवाच. ओल्या प्लॅस्टिकवरची चकाकी तो कमी करतो आणि खालची अक्षरं वाचता येतात. दुपारच्या कडक उन्हात पांढरी छत्री वस्तूवर धरली की सावल्या मऊ होतात. काळी छत्री नुसती सावली देते, उजेड पसरवत नाही. ट्रायपॉडच्या पायांखाली लोणच्याच्या बरणीची तीन झाकणं ठेवावीत, नाहीतर ओल्या वाळूत एक पाय हळूहळू खचतो आणि फोटो हललेला का आला ते घरी गेल्यावर कळतं. मोजमापासाठी दहा सेंटिमीटरची पट्टी, हातमोजे, रबरी फुंकणी, वही आणि पेन्सिल. ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही.

दुसरा दिवस: सुवाळी आणि डुमस

पहाटेच्या गाडीनं सुरत. उतरल्या उतरल्या स्टेशनबाहेर लोचो, वरून शेव आणि कच्चं तेल, मग रिक्षानं सुवाळी. हजीऱ्याच्या कारखान्यांमागे दडलेला हा किनारा. १६१२ साली इंग्रजांनी पोर्तुगीजांना इथल्याच पाण्यात हरवलं होतं. मोठी जहाजं तेव्हा सुवाळीला थांबायची आणि माल पुढं सुरतेला जायचा. आज समोर नांगरलेल्या जहाजांकडे बघून ते पटतं.

इथं चिखल संपून काळसर वाळू लागते आणि कॅमेऱ्याची पहिली फसगत होते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरतो. काळी वाळू फ्रेमभर असली की तो उजेड वाढवतो, वाळू राखाडी होते आणि तिच्यावरचा थर्माकोलचा तुकडा जळून पांढरा ठिपका होतो. एक्स्पोजर (उजेडाची मात्रा) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉप ठेवावं आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघत राहावं, स्क्रीनवर विश्वास ठेवू नये. उन्हात स्क्रीन नेहमी खोटं बोलतो.

माल बदलला होता. कावीच्या घरगुती पुड्या कमी झाल्या. त्यांच्या जागी नायलॉनचे दोर, साड्यांच्या किनारींचे तुकडे, धाग्याच्या रिकाम्या नळ्या आणि झाकणं. इतकी झाकणं का, याचं उत्तर घनतेत आहे. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, म्हणजे तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो ते, पाण्याहून जड असतं. बूच घट्ट असेल तर आतल्या हवेवर बाटली तरंगते, बूच निघालं की बुडते. बूच मात्र २ किंवा ५ आकड्याच्या प्लॅस्टिकचं, पाण्याहून हलकं. बाटली तळाला जाते, बूच प्रवासाला निघतं.

पालथी करून बघितल्याशिवाय वस्तू सोडू नये. साच्यातून काढलेल्या बादल्या, टब, क्रेट यांच्या तळाला बऱ्याचदा एक छोटं वर्तुळ असतं, भोवती १ ते १२ आकडे आणि मध्ये बाण. बाणाचं टोक महिना दाखवतं आणि बाणाशेजारचे दोन आकडे वर्ष. खाद्यपदार्थाच्या पुडीवर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, त्यातला दुसरा-तिसरा आकडा राज्याचा आणि चौथा-पाचवा वर्षाचा. छपाई पुसट झाली असेल तर टॉर्च अगदी आडवा धरावा, उठाव सावलीत वाचता येतो. या मागच्या बाजूचा फोटो समोरच्या फोटोइतकाच महत्त्वाचा.

सुवाळीवर कचरा वेचणाऱ्या एका मावशींनी आमच्याहून चांगली वर्गवारी करून ठेवली होती. एका पोत्यात दोर, एकात कडक प्लॅस्टिक, चपला वेगळ्या. चपला विकल्या जात नाहीत, मग कशाला? "जोड मळे तो पहेराय ने," त्या हसून म्हणाल्या. जोड मिळत नाही, त्यालाही कारण आहे. डाव्या आणि उजव्या पायाच्या चपलेचा बाक उलट असतो, त्यामुळे वारा त्यांना वेगवेगळ्या दिशांना ढकलतो. मावशींच्या ढिगात डाव्या जास्त निघाल्या. त्यांना विचारून तो ढीग जसा होता तसाच टिपला. या सफरीतला सर्वांत चांगला फोटो बहुधा तोच. त्यात मांडणी आमची नाही.

संध्याकाळी डुमस, टोमॅटोची भजी, गर्दी आणि वाळूत रुतलेली एक मोटार. गाडी किनाऱ्यावर नेऊ नका, वरून कोरडी दिसणारी वाळू खाली ओलीच असते. कोजागरीचा दुसरा दिवस म्हणजे सुरतेचा चांदनी पडवो. रात्री पावणेबारालाही घारीसाठी रांगा होत्या. घारी तुपात बुडालेली, एका माणसाला एक पुरे, सोबत भुसू नावाचं तिखट फरसाण. ते खाल्ल्यावर कॅमेरा धरू नये, बोटांचं तूप लेन्सला लागलं की सुती कापडानं पसरतंच जातं.

तिसरा दिवस: दांडी, तिथल

दांडी नवसारीहून जवळ. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी चिमूटभर मीठ उचललं तो हा किनारा. स्मारकात तासभर गेला, किनाऱ्यावर फारसं काही मिळालं नाही. बहुधा साफसफाई होऊन गेली होती. असं होतं. सफाईचा दिवस आधी विचारून घ्यावा.

पण दांडीला मिठाचा विषय निघणारच. किनाऱ्यावरची हवा लेन्सवर खारा थर चढवते, तो नुसता पुसला तर मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी फुंकणी, मग पिण्याच्या पाण्यानं किंचित ओलं केलेलं मायक्रोफायबर, शेवटी कोरडं. ट्रायपॉडच्या पायांची कुलपं त्याच रात्री उघडून गोड्या पाण्यात धुवावीत. एक रात्र राहिलं तर सकाळी पिळलं जात नाही.

तिथलला वलसाडहून रिक्षा. पुन्हा काळी वाळू, मक्याची कणसं, देवळांची घंटा. संध्याकाळी पाणी उतरताना दोन पांढऱ्या वस्तू शेजारी शेजारी दिसल्या. लांबून दोन्ही थर्माकोल. जवळ गेल्यावर एक थर्माकोल आणि एक समुद्रफेन, म्हणजे म्हाकुळासारख्या कटलफिश नावाच्या प्राण्याच्या पाठीतलं हलकं कवच, जे पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात. एकाच्या कडेला माशांनी कुरतडल्याच्या खुणा आणि दुसऱ्यावर नखानं रेघ उमटते. थर्माकोल कोणता, ते फोटो बघणाऱ्याला ओळखू द्यावं म्हणून मुद्दाम पट्टी न ठेवता एक फ्रेम घेतली.

चौथा दिवस: नारगोल

पाचला निघालो. सुरूचं बन ओलांडून किनाऱ्यावर आलो तेव्हा फटफटत होतं आणि पाणी उतरू लागलं होतं. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांतला हाच फायदा: मोठी भरती रात्री येऊन जाते आणि पहाटे रेघ ताजी, पायाच्या खुणांशिवाय मिळते. उजेडही आडवा असतो. सकाळी साडेआठनंतर इथं फक्त नोंदी कराव्यात.

बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांना भरतीची वेळ विचारली. इथली बोली मराठीच्या अगदी जवळची, त्यामुळे चौघांनाही हायसं वाटलं. "मोबाईल कशाला बघता? तिथीला तिनानं गुणा, चारानं भागा. आज तृतीया. तीन त्रिक नऊ, चारानं भाग, सव्वादोन. भरती सव्वादोनला. आमच्याकडं वर अर्धा-पाऊण तास धरायचा." कोकणातला हा पाऊणपटीचा हिशेब. उत्तरेला आखातात शिरावं तसतसा तो चुकत जातो, कारण तिथं भरती काही तास उशिरा पोहोचते. कावीला हे गणित वापरू नका.

रेघेवर मोकळा समुद्र दिसू लागला होता. जाळ्याच्या एका फुटक्या तरंगोळ्याला (फ्लोटला) मऊ देठाचे बार्नेकल, म्हणजे चिकटून राहणारे कवचवाले जीव, घोसानं लटकलेले, अजून जिवंत, शिंपली उघडझाप करत. हे देठवाले बार्नेकल बहुधा तरंगत्या वस्तूंनाच धरतात, म्हणजे ही वस्तू समुद्रात बरेच दिवस फिरत होती. खडकाला, धक्क्याच्या खांबांना चिकटतात ते बिनदेठाचे, ज्वालामुखीच्या तोंडासारखे. कोणता प्रकार आहे हे दिसेल असा एक फोटो घेतलाच पाहिजे. जिवंत असतील तर फोटो काढून वस्तू पाण्यात परत ढकलायची की उचलायची यावर चौघांत वाद झाला. शेवटी उचलली. प्लॅस्टिक परत समुद्रात ढकलणं काही पटेना. बार्नेकल संध्याकाळपर्यंत मरतात आणि मग जो वास येतो त्याला तोड नाही, म्हणून असे फोटो त्याच दिवशी उरकावेत.

बारकोडही बदलले. भारतात नोंदलेले क्रमांक ८९० नं सुरू होतात. इथं दोन बाटल्यांवर ६२९ होतं, म्हणजे संयुक्त अरब अमिराती, आणि एकीवर ८९६, म्हणजे पाकिस्तान. पण सावध: हा आकडा कंपनीची नोंदणी कुठली ते सांगतो, वस्तू कुठं बनली किंवा कुणी फेकली ते नाही. जहाजावरच्या खलाशानं समोरच्या पाण्यात टाकलेली बाटलीही ६२९ चीच असते. फोटोखाली "दुबईहून आलेली बाटली" असं लिहू नये. "६२९ बारकोड" एवढंच लिहावं.

काही वस्तूंना हात लावायचा नाही. सुया, औषधाच्या कुप्या, ट्यूबलाइट, बंद पिंप, ॲल्युमिनियमचे अनोळखी डबे. धान्याला धुरी द्यायच्या विषारी गोळ्यांचे डबे जहाजांवरून पडतात आणि ओले झाले की वायू सोडतात. जहाजावरच्या इशाऱ्याच्या नळकांड्याही तशाच. लांबून एक फोटो, जागेची नोंद, आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४.

सुरूच्या सावलीत चादर अंथरून मांडणी केली. इथंच बहुतेकांचं चुकतं. एक मीटर रुंद मांडणीसाठी फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स सुमारे दीड मीटर उंचीवर लागते, म्हणजे स्टूल हवंच. रुंद लेन्सनं जवळून घेतलं तर कडेच्या वस्तू बाहेर कलतात. कॅमेरा पाणसळीनं सपाट केला, पहिल्या फ्रेममध्ये रंग जुळवायला करडं कार्ड ठेवलं, मग वस्तू रंगानं लावल्या. रंगानं लावलं की फोटो सुंदर दिसतो आणि वस्तू कुठून आल्या ते हरवतं. म्हणून आधी जागेवर, न हलवता, वहीतल्या क्रमांकासह फोटो, मगच चादर. नारगोलची चादर छान दिसते, पण कावीचा गरबो तिच्यावर ठेवला असता तर तो नुसता एक मडक्याचा तुकडा झाला असता.

वस्तूंमध्ये एक तपकिरी, तळहातात मावेल एवढी, गुळगुळीत चकती निघाली. तिघांनी ती प्लॅस्टिक म्हणून लाल-तपकिरी रांगेत लावली. जाळेवाले काका चहा घेऊन आले, बघून म्हणाले, "ही गारंबी हो." जंगलातल्या वेलीची बी. ओढ्यातून समुद्रात येते, महिनोन्महिने तरंगते आणि तरीही रुजू शकते. ती चादरीवरून काढली आणि काकांच्या नातवाला दिली.

परत आल्यावर

झाकणं, दोर आणि तुकडे एक दिवस गोड्या पाण्यात, मग सावलीत वाळवायचे. उन्हात नाही, आधीच उन्हानं ठिसूळ झालेलं प्लॅस्टिक बोटात चुरा होतं. शेवाळ आणि बार्नेकलचे कवच खरवडू नयेत, वस्तूचं वय त्यातूनच कळतं. फोटोंचं नाव तारीख, ठिकाण, क्रमांक असं ठेवावं. "किनारा_फायनल_२" या नावाचं फोल्डर दोन महिन्यांत निरुपयोगी होतं.

तरंगोळा अजून बाल्कनीत आहे आणि खालच्या मजल्यावरून विचारणा झाली आहे. पुढचं उधाण दिवाळीच्या अमावास्येला. तेव्हा घरून कुणी सोडणार नाही, म्हणून त्रिपुरी पौर्णिमेनंतरची प्रतिपदा धरली आहे, कावीलाच. फटाक्यांची टरफलं तोवर विश्वामित्रीतून तिथं पोहोचलेली असतील.